नवा अँटिव्हायरस टाकण्याआधी असलेला चालू आहे का, ते पाहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत अधूनमधून 'पाच सर्वोत्तम मोफत अँटिव्हायरस' अशी यादी येते. नावे असतात, नावांपुढे तारे असतात. यादी वाचून लोक एकाच संगणकात दोन-दोन, तीन-तीन अँटिव्हायरस टाकतात, संगणक रडतखडत चालू लागतो आणि मग दोष रॅमवर जातो. अशा यादीत एक गोष्ट बहुधा राहून जाते. विंडोज १० किंवा ११ असलेल्या संगणकात अँटिव्हायरस आधीपासूनच असतो. त्याचे नाव मायक्रोसॉफ्ट डिफेंडर. त्याला मुदत नाही, नूतनीकरण नाही, आणि नीट चालू असेल तर बहुतेक घरांना तो पुरतो. त्यामुळे 'कोणता घेऊ?' याआधी 'घ्यायची गरज आहे का?' हे विचारावे लागते, आणि त्याचे उत्तर संगणक उघडून पाच मिनिटांत मिळते.

डिफेंडरविषयी जुन्या लोकांच्या मनात जी अढी आहे, ती अगदीच बिनबुडाची नाही. २००६ मध्ये तो आला तेव्हा फक्त हेरगिरी करणारे प्रोग्राम शोधायचा, व्हायरस नव्हे. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिक्युरिटी इसेन्शियल्स हा वेगळा मोफत अँटिव्हायरस दिला, पण तो स्वतः उतरवून घ्यावा लागे. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर डिफेंडर पूर्ण अँटिव्हायरस झाला, तरी पुढची काही वर्षे स्वतंत्र चाचण्यांत तो मागेच असायचा. 'विंडोजवाला काही कामाचा नाही' हे वाक्य त्या काळातले. अलीकडची काही वर्षे त्याच चाचण्यांत तो पैसे देऊन घेतलेल्या नावाजलेल्या अँटिव्हायरसच्या बरोबरीने गुण घेतो. वाक्य मात्र तोंडोतोंडी तसेच राहिले.

तो चालू आहे की नाही, हे असे पाहावे. स्टार्ट मेनूत 'विंडोज सिक्युरिटी' टाइप करून ते उघडा आणि 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'वर जा. तिथे दुसऱ्याच एखाद्या कंपनीचे नाव दिसले तर डिफेंडर बाजूला झालेला आहे. नव्या लॅपटॉपवर हे फार आढळते. उत्पादक कंपनीने एखादा व्यापारी अँटिव्हायरस महिनाभराच्या किंवा थोड्या अधिक मुदतीच्या चाचणी परवान्यावर टाकून दिलेला असतो. तो आहे म्हणून विंडोज डिफेंडरला थांबवते. मुदत संपली की डिफेंडरने आपण होऊन परत उभे राहावे अशी व्यवस्था आहे, पण मुदत संपलेला अँटिव्हायरस काढून टाकलेला नसेल तर कधीकधी तो नुसती जागा अडवून बसतो. खालच्या कोपऱ्यात त्याचे चिन्ह दिसत राहते, घरच्यांना वाटते रखवालदार आहे, आणि प्रत्यक्षात त्याच्याकडे नव्या व्हायरसांची माहिती येणे कधीचेच थांबलेले असते. घरच्या संगणकांवर हा बिघाड सहज आढळतो. त्यावर उपाय नवा अँटिव्हायरस नाही. जुना काढायचा आणि संगणक पुन्हा सुरू करायचा, एवढेच करायचे. मग 'विंडोज सिक्युरिटी'च्या सेटिंग्जमध्ये 'मॅनेज प्रोव्हायडर्स' उघडले की अँटिव्हायरसच्या खाली डिफेंडर 'ऑन' दिसायला हवा.

काढण्याचेही एक तंत्र आहे. अँटिव्हायरस हा साध्या प्रोग्रामसारखा वरवर बसत नाही. प्रत्येक फाइल उघडताना मध्ये थांबून ती तपासायची, तर त्याला विंडोजच्या गाभ्यात आपला ड्रायव्हर (गाभ्याशी थेट जोडून चालणारा छोटा प्रोग्राम) बसवावा लागतो. तिथे चूक झाली तर काय होते, ते १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रणालीची एक सदोष फाइल गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. ती कार्यालयांसाठीची प्रणाली होती, घरची नव्हे. पण घरचा अँटिव्हायरसही तितक्याच खोलवर काम करतो. म्हणून 'सेटिंग्ज', 'ॲप्स'मधून अनइन्स्टॉल केल्यावरही कधीकधी ड्रायव्हर मागे उरतो, आणि संगणक मंद होतो किंवा इंटरनेट जोडलेले दिसूनही एकही पान उघडत नाही. बहुतेक कंपन्यांनी आपला अँटिव्हायरस मुळासकट काढण्यासाठी स्वतःचे छोटे साधन संकेतस्थळावर ठेवलेले असते. आधी नेहमीच्या पद्धतीने काढा, पुन्हा सुरू करा. तरी अवशेष राहिले तर ते साधन त्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून घेऊन, शक्यतो सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच भागांसह सुरू होते त्या अवस्थेत), चालवा. ते कुठल्या तरी तिसऱ्याच 'सॉफ्टवेअर भांडारा'तून घेऊ नका.

दोन अँटिव्हायरस का नकोत, याचे उत्तरही इथेच आहे. फाइल उघडताच दोघेही तिच्यावर झडप घालतात. एकाने तपासायला घेतलेली फाइल दुसऱ्याला हवी असते, आणि तुमचा वर्ड किंवा ब्राउझर दोघांचे संपेपर्यंत ताटकळतो. शिवाय एकाने अलग ठेवलेला व्हायरस दुसऱ्याला नव्याने सापडतो आणि इशाऱ्यांची आतषबाजी सुरू होते. सुरक्षा दुप्पट होत नाही, खोळंबा मात्र होतो.

आता डिफेंडर चालू आहे असे धरून त्याच्या सेटिंग्ज. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये 'मॅनेज सेटिंग्ज' उघडले की चार मुख्य बटणे दिसतात : रिअल-टाइम प्रोटेक्शन (फाइल उघडतानाच तपासणारा पहारा), क्लाउडची (म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या संगणकांची) मदत, संशयास्पद नमुने आपोआप पाठवणे आणि टॅम्पर प्रोटेक्शन. चारही चालू हवीत. क्लाउडचे बटण 'माहिती बाहेर जाते' म्हणून बंद करणारे लोक आहेत. त्यांची शंका रास्त आहे, पण डिफेंडरची बरीचशी मदार क्लाउडवर आहे. ते बंद केले, किंवा संगणक कायम इंटरनेटविना वापरला, की त्याची पकड स्पष्टपणे सैल होते. पटत नसेल तर नमुने पाठवण्याचे बटण तेवढे बंद ठेवा, क्लाउडचे नको. टॅम्पर प्रोटेक्शन म्हणजे कुलपावरचे कुलूप. ते असले की दुसरा एखादा प्रोग्राम गुपचूप डिफेंडर बंद करू शकत नाही.

त्याच पानावर अगदी खाली 'एक्स्क्लूजन्स' आहे, आणि ते कुणीच उघडून पाहत नाही. इथे लिहिलेल्या फोल्डरकडे डिफेंडर ढुंकूनही पाहत नाही. घरच्या संगणकावर ही यादी रिकामी असावी. ती रिकामी नसेल, आणि विशेषतः त्यात अख्खा 'सी' ड्राइव्ह किंवा 'डाउनलोड्स' दिसला, तर कुणीतरी क्रॅक केलेला (परवान्याचे कुलूप तोडलेला) गेम किंवा महागड्या सॉफ्टवेअरची चोरटी प्रत टाकली आहे, असे समजायला हरकत नाही. क्रॅकसोबतच्या सूचनांत पहिली ओळ ठरलेली असते : 'आधी अँटिव्हायरस बंद करा, तो उगाच खोटा इशारा देतो.' इशारा पुष्कळदा खोटा नसतो. चोरट्या प्रतींसोबत ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलून नेणारे प्रोग्राम सर्रास येतात, आणि ते दोन-चार मिनिटांत आपले काम उरकून निघूनही जातात. यापुढे फुकट आणि विकत असा भेदच उरत नाही. रखवालदाराला मालकानेच सुट्टी दिली तर तो कितीही पगारी असून काय उपयोग?

आणखी दोन जागा पाहायच्या. 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये रेप्युटेशनवर आधारित संरक्षणाच्या सेटिंग्ज आहेत. तिथले 'पोटेन्शिअली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग' चालू करा, त्यातल्या दोन्ही उपचौकटी धरून. जुन्या संगणकांवर हे बंद सापडते. ब्राउझरचे मुख्य पान परस्पर बदलणारे, 'तुमच्या संगणकात शेकडो चुका सापडल्या' म्हणत पैसे मागणारे सफाई प्रोग्राम कायद्याच्या भाषेत व्हायरस नसतात, म्हणून ते या वेगळ्या बटणाखाली येतात. दुसरी जागा 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन'मधले 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस'. हे मुळात बंद असते. चालू केले की अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे फोल्डरांत लिहिता येत नाही, म्हणजे खंडणीखोर प्रोग्राम आत शिरला तरी फोटो कुलूपबंद करताना अडतो. पण याचा जाचही आहे. एखादा जुना हिशेबाचा किंवा फोटो सुधारण्याचा प्रोग्राम फाइल साठवायला गेला की त्यालाही हे अडवते, आणि तो प्रोग्राम 'परवानगी नाही' असे सरळ न सांगता 'फाइल सापडत नाही' असले काहीतरी असंबद्ध बोलतो. लोक गोंधळतात आणि सगळेच बंद करून टाकतात. त्याऐवजी 'प्रोटेक्शन हिस्टरी'त जाऊन कुणाला अडवले ते पाहावे आणि ओळखीच्या प्रोग्रामला तिथूनच मोकळीक द्यावी. पहिल्या आठवड्यात तीन-चारदा हे करावे लागते, मग शांतता.

हे सगळे करून नवा अँटिव्हायरस घ्यावा असे कधी म्हणता येईल? दोन प्रसंग आहेत. डिफेंडरची स्मार्टस्क्रीन ही फसव्या पानांना अडवणारी सोय मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये पुरती लागू होते. क्रोम किंवा फायरफॉक्स वापरणाऱ्याला त्या ब्राउझरमधल्या गूगलच्या सेफ ब्राउझिंग यादीवर भिस्त ठेवावी लागते. बाहेरचे काही मोफत अँटिव्हायरस हे काम सर्व ब्राउझरांत करतात. घरात दिसेल त्या दुव्यावर क्लिक करणारे कुणी असेल तर हा फरक जाणवण्याजोगा आहे. दुसरे, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर आणि ४ जीबी रॅमवर डिफेंडर काही कामांत जड पडतो, विशेषतः बारीक बारीक फाइलींचा ढीग कॉपी करताना. तिथे एखादा हलका पर्याय करून पाहायला हरकत नाही, पण करून पाहूनच ठरवा, जाहिरातीतल्या 'हलका' या शब्दावर नको. आणि कमी रॅमपेक्षा फिरती डिस्क हाच खरा अडथळा असतो. ती बदलून एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवली तर अँटिव्हायरस बदलण्याचा विचारच बहुधा मागे पडतो.

पर्याय निवडताना एक माहिती हाताशी हवी. अवास्ट, एव्हीजी, अविरा आणि नॉर्टन ही चार दुकाने दिसली तरी मालक एकच आहे. अवास्टने २०१६ मध्ये एव्हीजी विकत घेतली, नॉर्टनच्या कंपनीने २०२० च्या अखेरीस अविरा घेण्याचा करार केला, आणि २०२२ मध्ये नॉर्टन व अवास्ट एकत्र होऊन जेन डिजिटल ही कंपनी झाली. अवास्ट आणि एव्हीजीचे तर आतले इंजिनही (व्हायरस ओळखणारा भाग) एकच. याद्यांमधल्या पाच नावांपैकी एकाहून अधिक याच घरातली असू शकतात आणि वाचक त्यांच्यात डावे-उजवे करत बसतो.

फुकट देणाऱ्याला पैसे कुठून मिळतात, हेही विचारले पाहिजे. बहुतेकांचे उत्तर साधे आहे : मोफत वापरणाऱ्यांपैकी काही जण पुढे पैसे देऊन मोठी आवृत्ती घेतात. त्यासाठी सतत टोचणी लावली जाते. व्हीपीएन (इंटरनेटवरची आपली ये-जा झाकणारी सेवा) घ्या, सफाई करा, ड्रायव्हर जुने झालेत. ही टोचणी खऱ्या इशाऱ्यासारख्याच लाल चौकटीत येते, ही त्यातली वाईट गोष्ट. चार खोटे लाल पाहिले की पाचवे खरे लालही माणूस बंद करतो. पण उत्तर नेहमीच इतके निरुपद्रवी नसते. अवास्टची जम्पशॉट ही उपकंपनी वापरणाऱ्यांच्या ब्राउझिंगची माहिती विकत होती. जानेवारी २०२० मध्ये बातम्या आल्यावर ती गुंडाळली गेली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले आणि जाहिरातींसाठी अशी माहिती विकण्यास मनाई केली. म्हणून आज अवास्ट वापरूच नये असे नाही. पण कोणताही मोफत अँटिव्हायरस टाकल्यावर पहिले काम त्याच्या 'प्रायव्हसी' पानावर जाऊन तिसऱ्या पक्षाला माहिती देण्याच्या आणि जाहिराती दाखवण्याच्या चौकटींवरची खूण काढणे, हे असलेच पाहिजे. ब्राउझरसाठी तो वेगळे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) सुचवतो. तुम्ही पाहता ते प्रत्येक पान त्याला दिसते, तेव्हा ते खरोखर हवे का, ठरवा.

कॅस्परस्की या रशियन अँटिव्हायरसचे प्रकरण वेगळ्या कारणासाठी सांगण्यासारखे आहे. चाचण्यांत तो अँटिव्हायरस सातत्याने वरच्या रांगेत असतो. तरी जून २०२४ मध्ये अमेरिकेने सुरक्षेचे कारण देऊन त्याच्यावर बंदी घातली आणि २९ सप्टेंबर २०२४ नंतर तिथे त्याला नवी माहिती पुरवणे बंद झाले. त्याच महिन्यात तिथल्या अनेक ग्राहकांच्या संगणकांवर त्याच्या जागी अल्ट्राएव्ही नावाचा दुसराच अँटिव्हायरस आपोआप येऊन बसला. पकडण्याची क्षमता आणि आपल्या संगणकाच्या गाभ्यात कुणाला बसवायचे याचा विश्वास, ही दोन वेगळी मापे आहेत. चाचणीतून पहिले कळते, दुसरे नाही.

चाचण्यांचे वाचनही जरा सावधपणे. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या दोन संस्थांचे निकाल त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट पाहता येतात. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरातील सोय यांना प्रत्येकी ६, असे १८ पैकी गुण देते. 'सोय' म्हणजे मुख्यतः खोटे इशारे किती, हे लक्षात ठेवा. तिथे गुण गमावणारा अँटिव्हायरस तुमचा निरुपद्रवी प्रोग्राम उचलून अलग ठेवणार. ९९.४ आणि ९९.८ टक्क्यांवरून भांडण्यात अर्थ नाही. पुढच्या फेरीत तो क्रम उलटा होतो. एकाच फेरीवर न जाता दीड-दोन वर्षांचे निकाल सलग पाहावेत आणि सतत घसरणारा तेवढा वगळावा. सगळ्यांत महत्त्वाचे, चाचणी नेमकी कोणत्या आवृत्तीची झाली ते वाचा. काही कंपन्यांची मोफत आवृत्ती तपासलेली असते, काहींची पैसे देऊन घेण्याची. यादी लिहिणारे हा फरक गिळून टाकतात. आणि या चाचण्यांसाठी कंपन्या शुल्क भरतात, हेही माहीत असावे. त्याने निकाल खोटे ठरत नाहीत, पण ज्याचे नाव तिथे नाही त्याविषयी काही निष्कर्षही काढता येत नाही.

'मोफत' या शब्दाखाली आणखी एक गफलत होते. मालवेअरबाइट्सची मोफत आवृत्ती सुरुवातीचे चाचणीचे दिवस संपल्यावर आपणहून पहारा देत नाही. तुम्ही बटण दाबाल तेव्हा तपासते, बस. ओपन सोर्स क्लॅमएव्हीवर आधारलेल्या क्लॅमविनचेही तेच. फाइल उघडताना मध्ये येणारा पहारा त्यात नाही. ती वाईट साधने नव्हेत. डिफेंडरच्या जोडीला महिन्या-दोन महिन्यांनी दुसरे मत घ्यायला मालवेअरबाइट्स उत्तम आहे, कारण पहारा नसल्याने तो कुणाशी भांडत नाही. त्याच कामाला मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर आहे. तो उतरवल्यापासून १० दिवसांनी बाद होतो, पुन्हा ताजा उतरवावा लागतो. पण यांपैकी एकट्यावर विसंबून डिफेंडर बंद करणे म्हणजे घराला दार न लावता महिन्यातून एकदा चोर शोधत फिरणे. आणि घरच्या संगणकावर दुकानाचे किंवा शिकवणीचे काम होत असेल तर परवान्याचा मजकूर वाचा. पुष्कळशा मोफत आवृत्त्या फक्त खासगी, बिगरव्यापारी वापरासाठी असतात.

बाहेरचा अँटिव्हायरस घ्यायचे ठरलेच, तर नाव शोधयंत्रात टाकून पहिल्या दुव्यावर क्लिक करू नका. पहिली एक-दोन ठिकाणे जाहिरातीची असतात, आणि तिथे हुबेहूब दिसणारी बनावट पाने पैसे भरून बसलेली सापडली आहेत. पत्ता स्वतः टाइप करा. आधीचा बाहेरचा अँटिव्हायरस वर सांगितल्याप्रमाणे काढून संगणक पुन्हा सुरू करा. डिफेंडर काढायचा नसतो, तो आपण होऊन बाजूला होतो. इन्स्टॉल करताना 'कस्टमाइझ' हा बारीक अक्षरांतला दुवा शोधा. ब्राउझर, व्हीपीएन, सफाई आणि ड्रायव्हर बदलणारे भाग यांच्यावरच्या खुणा तिथे काढता येतात. ड्रायव्हर बदलणारा भाग तर कटाक्षाने. चालू स्थितीतल्या ध्वनीचा किंवा वायफायचा ड्रायव्हर त्याने बदलून बंद पाडल्यावर दोष विंडोजला मिळतो.

बसल्यावर तो खरेच जागा आहे का, हे पाहायला आयकार या युरोपीय संस्थेची चाचणी फाइल वापरतात. ही अवघी ६८ अक्षरांची निरुपद्रवी मजकूर फाइल आहे. सगळ्या अँटिव्हायरसनी तिला व्हायरस म्हणून पकडायचे असे ठरलेले आहे. आयकारच्या संकेतस्थळावरून ती उतरवायला गेलात की लगेच इशारा यायला हवा. नाही आला तर पहारा बंद आहे. आला तर फक्त पहारा चालू आहे एवढेच सिद्ध होते, तो किती हुशार आहे ते नाही. एखाद्याच फाइलविषयी शंका असेल तर व्हायरसटोटल या संकेतस्थळावर ती चढवून डझनावारी इंजिनांचे मत एकदम घेता येते. सत्तरपैकी एक-दोन अप्रसिद्ध इंजिनेच ओरडत असतील तर बहुधा खोटा इशारा. वीस-पंचवीस ओरडले तर हात लावू नका. मात्र तिथे चढवलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना आणि सदस्यांना पाहायला मिळते. पगारपत्रक, वैद्यकीय अहवाल, ओळखपत्राची प्रत असले काही तिथे टाकायचे नाही.

स्क्रीनभर पसरून भोंगा वाजवणारी 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा' ही चौकट अँटिव्हायरसची नसते. ते एक वेबपान असते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ब्राउझर बंद करा, आणि पुन्हा उघडताना 'आधीची पाने परत आणा'ला नाही म्हणा. कोपऱ्यातून सारखे असे इशारे सरकत येत असतील तर ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये 'नोटिफिकेशन्स' उघडा. कधीतरी कुठल्या तरी पानाला 'अलाउ' म्हटलेले सापडेल, तेवढे काढले की गप्प. यासाठी अँटिव्हायरस बदलणारे आणि संगणक फॉरमॅट करून घेणारे लोक खूप आहेत.

खरोखर लागण झाल्याची शंका असेल तर आधी इंटरनेट तोडा. मग 'स्कॅन ऑप्शन्स'मधून 'डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' चालवा. उघडी कामे जतन करून ठेवा, कारण संगणक लगेच पुन्हा सुरू होतो आणि विंडोज उठण्याआधीच तपासणी होते. सुमारे १५ मिनिटे लागतात. विंडोज चालू असताना लपून बसणारे इथे सापडतात. डिस्कला बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) असेल तर त्याची रिकव्हरी की, म्हणजे ते उघडणारा क्रमांक, आधी काढून ठेवा, कधीकधी ती मागितली जाते. यानंतर पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून. आणि नुसते बदलून भागत नाही. ईमेल व इतर खात्यांच्या सुरक्षा पानावर जाऊन 'सर्व उपकरणांवरून बाहेर पडा' करावे लागते, कारण चोराने पासवर्डऐवजी ब्राउझरमधली कुकी (तुम्ही आत आहात याची खूण साठवणारी छोटी नोंद) नेली असेल तर तो पासवर्डाविना आतच बसलेला असतो. खंडणीखोराने फाइली कुलूपबंद केल्या असतील तर अँटिव्हायरस त्याला हुसकू शकतो, फाइली उघडून देऊ शकत नाही. पैसे भरण्याआधी नो मोअर रॅन्सम या, युरोपोल आणि डच पोलिसांनी सुरक्षा कंपन्यांसह २०१६ मध्ये सुरू केलेल्या, संकेतस्थळावर त्या जातीची किल्ली मिळते का ते पाहावे. काही जातींची मिळते, बऱ्याच जातींची मिळत नाही. म्हणून फोटो आणि कागदपत्रांची एक प्रत अशा बाहेरच्या डिस्कवर हवी, जी प्रत काढून झाल्यावर संगणकापासून सोडवून ठेवलेली असते. जोडून ठेवलेली डिस्क संगणकाबरोबरच कुलूपबंद होते.

शेवटी विंडोज १० विषयी, कारण असंख्य घरांत अजून तेच आहे. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. डिफेंडरला नव्या व्हायरसांची माहिती त्यानंतरही मिळत राहते, ऑक्टोबर २०२८ पर्यंत ती देऊ असे मायक्रोसॉफ्टने म्हटले आहे, आणि नेमकी इथे फसगत होते. हिरवी खूण दिसते, पण विंडोजमध्ये नवे भोक सापडले तर ते बुजवणारी सुधारणा येत नाही. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम आठवावा. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती किंवा ज्यांच्या जुन्या विंडोजसाठी ती तेव्हा उपलब्धच नव्हती, ते सापडले. कुणी काही क्लिक करण्याचीही त्याला गरज नव्हती. तेव्हा विंडोज १० वाल्यांनी एकतर मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा सुधारणांच्या योजनेत नाव नोंदवावे ('विंडोज अपडेट'च्या पानावर दुवा असतो), नाहीतर यंत्राला विंडोज ११ चालत असेल तर ११ वर जावे, किंवा त्यावर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत संगणक प्रणाली) टाकावे. बाहेरचा अँटिव्हायरस आणून हे भोक बुजत नाही, मग तो मोफत असो की महागडा.

आपल्या पुरवणीत यापुढे अशी यादी छापताना ताऱ्यांच्या जागी चार रकाने द्यावेत, ही विनंती : मोफत आवृत्तीत पहारा आहे की नुसती तपासणी, मालक कंपनी कोणती, चाचणी झाली ती मोफत आवृत्तीची की विकतची, आणि इन्स्टॉल करताना सोबत आणखी काय काय टाकले जाते. आणि यादीच्या पहिल्या ओळीत डिफेंडर असावा.

आपला,
एक नियमित वाचक